१५ ते ५० : वाशिममधली एक जुनी फियाट

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. आज आपण ज्या गाडीच्या निमित्ताने बोलणार आहोत ती या जिल्ह्यापेक्षा वीस वर्षांनी थोरली आहे. तिचं नोंदणी-पुस्तक १९७८ चं, अकोल्याचं. नंबर जुन्या धाटणीचा, 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरं आणि पुढे आकडे. १९८९ मध्ये देशभर नवी पद्धत आली, महाराष्ट्राचं 'एमएच' सुरू झालं, अकोल्याला ३० मिळाला आणि जिल्हा झाल्यावर वाशिमला ३७. आमच्या गाडीवर यातलं काहीच नाही. ती आहे प्रीमियर पद्मिनी. पण कारंज्यापासून रिसोडपर्यंत कुणालाही विचारा, 'फियाट' हेच नाव सांगतील.

आम्ही म्हणजे तिघे जण. एक इतिहासाचे मास्तर, एक बँकेतले, एक तलाठी. तिघेही निवृत्त. यातल्या कुणीही आयुष्यात बोनेट उघडून पाणी टाकण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. गाडी वीस-बावीस वर्षं कारंजा तालुक्यातल्या एका पडवीत उभी होती, वर कडबा, आत उंदरांची घरटी. भंगारवाला भाव करून गेला होता. ती आम्ही घेतली. घरच्यांचं मत काय पडलं ते इथे सांगत नाही, रेकॉर्डिंग चालू आहे.

तर विषय असा, की निवृत्त माणसाने टाकून दिलेली गाडी दुरुस्त करणं हा छंद आहे हे खरं, पण त्यात इतिहासाचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस जपल्या गेल्या. त्यांच्या मिरवणुका निघतात. दिल्लीत 'स्टेट्समन'ची जुन्या गाड्यांची रॅली १९६४ पासून आहे. पण तालुक्याच्या डॉक्टरची, जिनिंगवाल्याची, लग्नात भाड्याने जाणारी गाडी कोण जपणार? आणि जपायची तर कोणत्या रूपात जपायची?

आधी ही गाडी आली कुठून ते पाहू. तिच्यामागे सोलापूरचा माणूस आहे. वालचंद हिराचंद, जन्म १८८२. साखर, बांधकाम, जहाजं, विमानं, सगळीकडे हात घालणारा. मोटारीचा कारखाना भारतात व्हावा ही कल्पना विश्वेश्वरय्या १९३० च्या दशकात मांडत होते, आणि वालचंदांनी ती उचलून धरली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी झाली. पण दुसरं महायुद्ध सुरू झालेलं, इंग्रज सरकारने काही दाद दिली नाही. त्या खटपटीच्या काळातच वालचंदांनी १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली, म्हणजे आजची एचएएल. गंमत बघा, मोटारीआधी विमान. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी १९४४ ची, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ गाड्या बाहेर पडू लागल्या १९४७ मध्ये. त्या जोडलेल्या गाड्या होत्या, सुटे भाग पेट्यांतून यायचे.

मग १९५० च्या दशकात इटलीच्या फियाटशी करार झाला. याच सुमारास एक निर्णय झाला, ज्याने पुढच्या तीस वर्षांचं चित्र ठरवलं. जकात आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने १९५३ मध्ये सांगितलं की नुसत्या गाड्या जोडून विकायच्या असतील तर गाशा गुंडाळा. इथे भाग बनवण्याचा कार्यक्रम असेल तरच राहा. जनरल मोटर्स मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडत होती, ती गेली. फोर्डही गेली. राहिल्या मोजक्या कंपन्या. वालचंद स्वतः एप्रिल १९५३ मध्ये वारले. ज्या गाडीने त्यांच्या कंपनीचं नाव घरोघर नेलं, ती त्यांनी पाहिलीच नाही.

१९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' आली. आमच्या गाडीचा हाच सांगाडा, हेच इंजिन: १०८९ सीसी, चार सिलिंडर, साधारण ४० अश्वशक्ती. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, त्यामुळे पुढे एकसंध बाकडं आणि त्यावर तीन माणसं. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. १९७० च्या दशकात तिचं नाव आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झालं. नाव बदललं, आतलं फारसं काही बदललं नाही. २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत मूळ ठेवण तीच होती.

लोक याला मागासलेपणा म्हणतात. अर्थकारणाच्या बाजूने ते बरोबरही आहे. स्पर्धा नव्हती, परवाने होते, किमतीवर सरकारची नजर होती. किमतीच्या नियंत्रणावरून प्रीमियर कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९७१ मध्ये त्यावर निकाल लागला. १९५९ पासून तर वितरणावरही नियंत्रण होतं. पैसे हातात असून गाडी मिळत नसे, नंबर लागावा लागे आणि तो लागायला वर्षं जात. नव्या गाडीपेक्षा एक-दोन वर्षं वापरलेली गाडी महाग, असा उलटा बाजार त्या काळात होता. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १९६४ ची फियाट, किंमत १२,००० रुपये, घरात ७,००० निघाले, ५,००० पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज. शास्त्रीजी जानेवारी १९६६ मध्ये गेले आणि उरलेलं कर्ज ललिताबाईंनी निवृत्तिवेतनातून फेडलं. ती गाडी आज दिल्लीत त्यांच्या स्मारकात उभी आहे. जिथे देशाचा पंतप्रधान कर्ज काढून गाडी घेतो, तिथे कारंज्याचा कापसाचा व्यापारी किंवा मंगरूळपीरचा डॉक्टर गाडी घेत असेल तेव्हा त्या घरात काय घडत असेल याची कल्पना करा. पेढे वाटले जात. हार-नारळ होई. आणि मग ती गाडी मरू द्यायची नाही, हे ओघानेच आलं.

आता नवख्या माणसाला बोनेट उघडल्यावर पहिली गोष्ट दिसते ती ही, की सगळं दिसतं. इंजिनाच्या भोवती हात घालायला जागा आहे. कार्बुरेटर, ज्याला गॅरेजमध्ये 'कारपेटर' म्हणतात, चार नट काढले की हातात. ठिणगी वाटणारा 'डेल्को' वरून टोपण काढून पाहता येतो. दर भाग उघडता येईल, घासता येईल, लेथवर पुन्हा बनवता येईल अशी ही रचना. मूळ इटालियन अभियंत्यांना युद्धानंतरच्या इटलीसाठी अशीच गाडी हवी होती, आणि ती वऱ्हाडाला फार मानवली, कारण इथे नवा भाग मिळण्याची खात्री नव्हती पण मिस्त्री होता. दमणी आणि छकड्याची धाव बसवणारा लोहार ज्या गावात होता, त्या गावात पुढे वेल्डिंगवाला आला, लेथवाला आला. ही परंपरा तुटलेली नाही, हे आम्हाला त्या गाडीने दाखवलं.

इथे एक शब्दाची गंमत सांगायला हवी. मुंबईत 'काळी-पिवळी' म्हटलं की पद्मिनी टॅक्सी. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. पेपरांत अग्रलेख आले, लोक हळवे झाले. आपल्याकडे काळी-पिवळी म्हणजे जीप, वाशिमहून मालेगाव, मानोरा, रिसोडला दाटीवाटीने जाणारी. फियाट इथे कधी टॅक्सीच्या रंगात फारशी दिसली नाही. इथे ती घरची गाडी होती. म्हणून तिच्या जाण्यावर कुणी अग्रलेख लिहिला नाही, ती एकेक करून पडवीतच गेली.

दुरुस्तीचं थोडं सविस्तर सांगतो, कारण निवृत्तीनंतर हे करू पाहणारे बरेच जण ऐकताहेत. बॅटरी लावून सेल्फ मारायचा मोह पहिल्या दिवशीच होतो. तो आवरावा. वीस वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने चिकटलेल्या असू शकतात. जोर लावला तर रिंग मोडते आणि मग काम चौपट होतं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं, चार-आठ दिवस जिरू द्यायचं, मग क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने हळू फिरवायचं. आमचं इंजिन नवव्या दिवशी बोटभर हललं. टाकीतलं जुनं पेट्रोल रंगाच्या वार्निशसारखं झालेलं होतं, टाकी उतरवून धुतली. वायरिंग उंदरांनी सोयाबीनसारखं खाल्लेलं, ते संपूर्ण नवं. ब्रेकचे रबरी भाग, नळ्या, टायर यांत काटकसर करू नका. तिथे इतिहास जपायचा नसतो, जीव जपायचा असतो.

आणि इंधन. हे इंजिन शिसं असलेल्या पेट्रोलवर चालण्यासाठी बनलं. शिसं झडपांच्या बैठकींवर एक थर धरायचं, त्याने त्या झिजायच्या नाहीत. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. आपल्या मुलांच्या रक्तातलं शिसं कमी व्हावं म्हणून झालेला तो निर्णय चांगलाच होता. पण ही गाडी त्याच सुमारास पडवीत गेली, म्हणजे तिने हे नवं पेट्रोल जवळजवळ पाहिलंच नाही. आता तर त्यात २० टक्के इथेनॉल आहे. ते जुन्या रबराला आणि बुचाच्या पॅकिंगला खातं, शिवाय ओलावा धरतं. म्हणून इंधनाची नळी, पंपाचा पडदा, सगळं नव्या जातीच्या रबराचं घालावं लागलं, आणि हेड उघडल्यावर झडपांच्या बैठकी कडक धातूच्या बसवून घेतल्या.

आता मूळ प्रश्नाकडे. हेड उघडलं, ब्रेक नवे केले, इथवर आमच्यात मतभेद नव्हते. भांडण झालं ते रंगावरून आणि टपावरून. गाडी वरून पांढरी. डिकीच्या कडेला, दाराच्या आतल्या बाजूला खरवडलं तर खाली फिकट निळा. आणि टपाला चार भोकं, बुजवलेली, पुन्हा पाडलेली. बँकेतल्या मित्राचं म्हणणं, पत्रा घासून काढू, भोकं वेल्डिंगने बुजवू, मूळ निळा मारू, शोरूममधून निघाल्यासारखी करू. त्याला हौसेची गाडी हवी होती, आणि त्यात गैर काही नाही. वाशिमच्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी, वय सत्तरच्या पुढे, पॉलिश पेपर हातातून काढून घेतला. म्हणाले, "सर, हे घासू नका. भोकं पाहा. हे दोन लगनाचे हायत, हे दोन भोंग्याचे."

म्हणजे काय, तर दोन भोकं कॅरियरची. मालकाने गाडी लग्नसराईत दिली असणार. दुसरी दोन प्रचाराच्या कर्ण्याची. १९७८ नंतरच्या कुठल्या तरी निवडणुकीत ही गाडी कर्णा लावून गावोगाव फिरली. कागदावर याची कुठे नोंद नाही. नोंद त्या पत्र्यावर आहे. पांढरा रंगही तेव्हाचाच असावा, असं मिस्त्रींचं अनुमान, कारण कर्ण्याच्या भोकांच्या कडेला पांढऱ्याखाली निळा दिसतो आणि कॅरियरच्या भोकांत पांढरा आत उतरलेला आहे. म्हणजे आधी लग्नं, मग रंग, मग प्रचार. पुरातत्त्वात थर वाचतात ते याहून वेगळं काय असतं?

वाशिमच्या माणसाला हे समजायला हवं. वत्सगुल्म ही वाकाटकांची राजधानी इथे होती, हे आपण विंध्यशक्ती दुसरा याच्या वाशिम ताम्रपटावरून सांगतो. चौथ्या शतकातला तो ताम्रपट. नांदीकड म्हणजे आजच्या नांदेडच्या उत्तर 'मार्गा'तल्या गावाचं दान त्यात आहे. मार्ग हा तिथे प्रशासकीय विभाग, पण अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड रस्त्यावर गाडी घालताना तो शब्द आठवतोच. राजाच्या राज्यारोहणाचं ३७ वं वर्ष त्यात नोंदलंय. आपल्या एमएच-३७ शी हा निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला सोपा. मुद्दा असा की ताम्रपट सापडला तर आपण त्याला चिंच लावून घासत नाही. लखलखीत होईल, अक्षरं जातील.

जुन्या वाहनांच्या बाबतीत हेच तत्त्व जगाने मान्य केलं ते २०१२ मध्ये. आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक वाहन महासंघाने एक सनद केली, इमारतींच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिसच्या सनदेच्या धर्तीवर. नाव 'तुरिन सनद'. तुरिन हे फियाटचं गाव, कंपनीच्या नावातला 'ट' त्या गावाचाच. या सनदेचा आशय साधा आहे: वापरात असताना गाडीत झालेले बदलही तिचा इतिहास आहेत, ते पुसू नयेत, आणि जो भाग नवा घालाल त्यावर न दिसेल अशी पण कायमची खूण करा, म्हणजे पुढच्याला जुनं कोणतं आणि नवं कोणतं ते कळेल. आम्ही नव्या भागांवर छोटा ठोका मारून वर्ष उमटवलं. फरशीचा गंजलेला पत्रा कापून नवा लावला, त्यावरही. टपाच्या भोकांत रबरी बूच बसवले. पाणी गळत नाही, भोकं शाबूत आहेत. रंग पांढराच ठेवला, जिथे पोपडे निघाले होते तिथेच लावला. बँकेतले मित्र अजून नाराज आहेत.

आता कायद्याकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, शिवाय पर्यावरण कर. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. दुसऱ्या बाजूला जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'व्हिंटेज' वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झाली, मूळ रूप टिकलेलं असलं, सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरबदल नसले, तर 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यालाच. आणि या नियमांनंतर महिनाभरात, ऑगस्ट २०२१ मध्ये, जुनी वाहनं मोडीत काढण्याचं धोरण जाहीर झालं.

दोन्ही निर्णय आपापल्या जागी ठीक आहेत. जुन्या गाड्यांचा धूर काही वारसा नव्हे. पण दोन्ही एकत्र ठेवून बघा. पन्नास वर्षं पूर्ण झाली की गाडी वारसा. पंधरा पूर्ण झाली की संशयित. मधली पस्तीस वर्षं तिला कोण सांभाळणार? श्रीमंत संग्राहक तिच्याकडे बघत नाही, कारण ती अजून दुर्मीळ नाही. घरच्यांना ती अडगळ वाटते. भंगारवाल्याचा भाव मात्र रोज ठरलेला. जिनिंग, दवाखाना, लग्न, निवडणूक यांच्या खुणा अंगावर घेतलेली १९७० आणि ८० च्या दशकातली तालुक्याची गाडी याच पस्तीस वर्षांत संपते आहे. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती रस्त्यावर आली तेव्हापासून ती ओळीत मागे पडली, आणि आता ओळच संपत आली.

इथे निवृत्त माणूस उपयोगी पडतो असं आमचं मत आहे. त्याच्याकडे वेळ आहे, घाई नाही, नफ्याचा हिशोब नाही, आणि बहुतेकदा ती गाडी नवी असताना पाहिलेली आठवण आहे. ज्ञान नसलं तरी चालतं, कारण ज्ञान मिस्त्रीकडे आहे, आणि तो अजून आहे. हे 'अजून' महत्त्वाचं. आमच्या मिस्त्रींची मुलं संगणकाने दोष शोधणाऱ्या गाड्या दुरुस्त करतात, उत्तम करतात, पण कारपेटर कानाने लावणं त्यांना येत नाही आणि यायचं कारणही नाही. आम्ही दर शनिवारी जे करतो ते वहीत लिहितो, फोटो काढतो, मिस्त्री काय म्हणाले ते त्यांच्याच बोलीत उतरवतो. खरं सांगायचं तर गाडीपेक्षा ही वही जास्त भरली आहे.

सुटे भाग कुठून आणता, हा प्रश्न नेहमी येतो. अकोला, नागपूर, आणि शेवटी कुर्ला. कारखाना जिथे होता तिथे आता इमारती आहेत, प्रीमियर रोड हे नाव उरलं आहे. त्याच कुर्ल्यात जुन्या भागांचा बाजार भरतो आणि तिथून जाणारा मोठा रस्ता लालबहादूर शास्त्री मार्ग. आम्ही एक धूळ खाल्लेला डेल्को तिथून पिशवीत घालून रात्रीच्या गाडीने वाशिमला आणला.

गाडी सुरू होते. गिअर पडतात, तिसरा थोडा कुरकुरतो. रस्त्यावर अजून काढलेली नाही, कागद पूर्ण व्हायचे आहेत. २०२८ मध्ये तिला पन्नास होतील, तोवर नूतनीकरणावर काढायचं आणि मग व्हीए नंबरसाठी अर्ज करायचा, असं ठरलं आहे. तोपर्यंत तुम्हाला एक विनंती. ज्यांच्या घरी अशा गाडीचं जुनं नोंदणी-पुस्तक, बुकिंगची पावती, गॅरेजची बिलं, वाहनासोबतचा लग्नातला फोटो असेल, त्यांनी तो रद्दीत देऊ नये. गाडी गेली असली तरी कागद ठेवा, मागे तारीख आणि गावाचं नाव लिहा. प्रश्न असतील तर आता घेऊ.